माझगावचा शंख, चर्नी रोडचा खेकडा

सप्टेंबर १७६३. तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरातून निघालेलं एक जहाज मुंबईला लागलं, तेव्हा त्यातून दोन आजारी युरोपीय उतरले. कार्स्टेन नीबुर हा मोजणीदार आणि क्रिस्तियान क्रामर हा डॉक्टर. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानच्या अभ्यासासाठी सहा जणांची मोहीम पाठवली होती, तिच्यातले एवढेच उरले होते. भाषापंडित फॉन हाफेन मोख्यातच गेला होता. निसर्गअभ्यासक पेटर फोर्सकाल जुलैमध्ये येमेनच्या यरीम गावी तापाने गेला. चित्रकार बाउरेनफाइंड आणि मोहिमेचा नोकर हे दोघे मोखा आणि मुंबई यांच्यामधल्या समुद्रात, एकापाठोपाठ गेले. पुढच्या फेब्रुवारीत क्रामरही मुंबईत वारला. मग नीबुर एकटा उरला. तो घारापुरीची लेणी मोजत आणि रेखाटत राहिला, आणि १७६४ च्या डिसेंबरात त्याने मुंबई सोडली.

या करुण कथेचा दादरच्या मासळीबाजाराशी संबंध आहे. फोर्सकाल हा स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य. तांबड्या समुद्रात हाती लागेल तो मासा, खेकडा, शिंपला त्याने निरखून टिपून ठेवला होता. माशांची कातडी तर तो झाडाच्या पानांसारखी दाबून वाळवायचा, आणि त्यांतली काही कोपनहेगनमध्ये आजही जपून ठेवलेली आहेत. मेलेल्या मित्राची टिपणं नीबुरने डेन्मार्कला परतल्यावर १७७५ मध्ये छापून काढली. त्यात एका मोठ्या खेकड्याला ‘कॅन्सर सेराटस’ असं नाव होतं. पुढे त्याचा पहिला शब्द बदलला आणि तो ‘सायला सेराटा’ झाला. टोपलीत सुंभाने नांग्या बांधून ठेवलेली, कोळणीशी घासाघीस करून घरी न्यायची ती चिंबोरी हीच.

म्हणजे मुंबईकराच्या कालवणातल्या चिंबोरीचं बारसं झालं ते तांबड्या समुद्राच्या काठी सापडलेल्या नमुन्यावरून, आणि ते करणारा माणूस मुंबई न पाहताच गेला.

मुंबईच्या समुद्रातल्या बहुतेक जीवांची नावं अशीच परगावी पडली आहेत. यातला सर्वांत गमतीचा मासा बोंबील. इंग्रजांनी त्याला ‘बॉम्बे डक’ म्हणून जगभर प्रसिद्ध केलं, पण शास्त्रात त्याची पहिली नोंद झाली ती बंगालमध्ये. ईस्ट इंडिया कंपनीत डॉक्टर असलेल्या फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या माशांवर एक ग्रंथ लिहिला. तो १८२२ मध्ये एडिंबरोत छापला गेला आणि त्यात बोंबील ‘ऑस्मेरस नेहेरियस’ या नावाने आला. हॅमिल्टनने नमुने जपून ठेवले नाहीत. त्यामुळे ज्या बोंबलावरून हे वर्णन लिहिलं तो आज कुठल्याही संग्रहालयात दाखवता येत नाही. वरळीच्या बांबूंवर वाळणाऱ्या लाखो बोंबलांना त्याने काहीच फरक पडला नाही, ही गोष्ट वेगळी.

इथे एक शंका कुणालाही येईल. बोंबील कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. तो कुठल्या महिन्यात येतो, डोलीत कुठल्या पाण्याला भरतो, किती उन्हं दिली की टिकतो, हे सगळं माहीत असताना हॅमिल्टनने नवीन असं काय शोधलं? मासा तर नक्कीच नाही. शास्त्रात ‘नवी प्रजाती’ म्हणजे आधी कुणी न पाहिलेला प्राणी असा अर्थ क्वचितच असतो. तो प्राणी छापील वर्णनांतल्या बाकी सगळ्या प्राण्यांपासून वेगळा आहे हे कुणीतरी ताडून पाहिलेलं असतं, त्याची खूण लिहून ठेवलेली असते आणि त्याला दोन शब्दांचं नाव दिलेलं असतं. काम तुलनेचं आहे. तुलनेसाठी लागतात इतर नमुने, इतर पुस्तकं, आणि ती एका टेबलावर मांडायला जागा. एकोणिसाव्या शतकात असं टेबल पॅरिसला होतं, लंडनला होतं. मुंबईत नव्हतं.

पॅरिसच्या टेबलावर मुंबईचे मासे पोचवले झाँ-झाक ड्युसुमिये नावाच्या बोर्दोच्या व्यापाऱ्याने. गलबतं घेऊन तो चीन-हिंदुस्थानच्या फेऱ्या करायचा आणि परतताना दारूत बुडवलेले मासे पॅरिसच्या संग्रहालयाला द्यायचा. तिथे बॅरन क्युव्हिए आणि त्याचा शिष्य व्हालेन्सिएन हे दोघे माशांचा बावीस खंडांचा महाग्रंथ लिहीत होते. दारूत मासा पांढरा पडतो, म्हणून ड्युसुमियेने ताज्या माशाचे रंग लिहून आणलेले असत आणि ग्रंथकारांना त्याचा मोठा आधार वाटे. व्यापारी खरा, पण नजर अभ्यासकाची.

१८३७ च्या खंडात मुंबईहून आलेल्या एका माशाला व्हालेन्सिएनने ‘बोलिओफ्थाल्मस डुसुमिएरी’ म्हटलं. हा आपला निवट्या. शिवडीच्या खाजणात ओहोटीच्या वेळी चिखलावर पोटाने सरपटणारा, डोळे डोक्यावर चढवून इकडेतिकडे बघणारा, चाहूल लागताच टुणकन उडी मारून बिळात जाणारा. अकरा वर्षांनी, १८४८ मध्ये, मांदेलीलाही याच व्यापाऱ्याचं नाव मिळालं: ‘कोइलिया डुसुमिएरी’. लालबाग-परळच्या चाळींत गिरणीची पाळी सुटल्यावर तव्यावर पडणाऱ्या कुरकुरीत मांदेलीत एक फ्रेंच सद्‌गृहस्थ दडलेला होता, याची तिथे कुणाला कल्पना असण्याचं कारण नव्हतं.

मुंबईत टेबल मांडायची पहिली खटपट १५ सप्टेंबर १८८३ ला भायखळ्यात झाली. राणीच्या बागेतल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांतले दोघे मराठी होते आणि दोघेही डॉक्टर. एक प्रार्थना समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग तर्खडकर. दुसरे सखाराम अर्जुन, ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे, रखमाबाईंचे सावत्र वडील. काही महिन्यांनी संस्थेचं बिऱ्हाड फोर्ब्स स्ट्रीटवर, फिपसन नावाच्या मद्यविक्रेत्याच्या दुकानातल्या खोलीत गेलं. दुकानाच्या मालकाला निसर्गाचा नाद होता आणि नमुने बुडवायला लागणारा माल तिथे हाताशीच असणार! १८८६ पासून संस्थेचं जर्नल निघू लागलं. छापायला आपल्या शहरातली जागा झाली. वाघ, पक्षी, साप यांनी ती बरीच अडवली, तरी अधूनमधून समुद्रालाही तिच्यात वाव मिळू लागला.

शंख-शिंपल्यांना त्याआधीही एखाददुसरं मुंबईचं नाव मिळालं होतं. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे सॅम्युएल फेअरबँक यांना गोगलगायींचा छंद. त्यांच्या नावावरून भूवैज्ञानिक ब्लॅनफर्डने १८६८ मध्ये एका चिमुकल्या शंखाला ‘फेअरबँकिया बॉम्बेयाना’ म्हटलं. पण खरा सपाटा लावला तो मुंबईत राहणाऱ्या अलेक्झांडर अॅबरक्राँबी यांनी. मुंबई बेटाच्या किनाऱ्यावरचे शंख-शिंपले त्यांनी निष्ठेने वेचले. मोठे, देखणे शंख कुणीही उचलतं. यांनी भरतीच्या रेषेवरची बारीक वाळू चाळून तांदळाच्या कणीएवढे शंखही काढले. मग ते सगळं मँचेस्टरला जेम्स कॉस्मो मेलव्हिल यांच्याकडे गेलं.

मेलव्हिल हा त्या काळच्या ब्रिटनमधला एक नामांकित शंखसंग्राहक. आपल्या संग्रहाशी ताडून पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की मुंबईच्या या वाळूतले कित्येक शंख कुणाच्याच यादीत नाहीत. १८९३ मध्ये मँचेस्टरच्या एका विद्वत्सभेच्या नियतकालिकात दोन लेख लागोपाठ आले: एक दोघांच्या नावाने, मुंबईच्या सागरी शंख-शिंपल्यांची यादी, दुसरा मेलव्हिलचा, मुंबईतल्या २५ नव्या प्रजातींची वर्णनं. त्याच वर्षी अॅबरक्राँबींनी सोसायटीच्या जर्नलमध्ये मुंबई बेटावरच्या नेहमीच्या शंख-शिंपल्यांवर लिहिलं आणि नवख्यांसाठी चार सूचनाही दिल्या. कामाची वाटणी यावरून स्वच्छ दिसते. मुंबईच्या वाचकांना छंदाच्या सूचना, मँचेस्टरच्या वाचकांना नव्या प्रजाती. यात लबाडी कुणाचीच नव्हती. तुलनेचे खण मँचेस्टरला होते, म्हणून बारसंही तिथेच झालं. मेलव्हिलचा संग्रह हात बदलत शेवटी वेल्समधल्या कार्डिफच्या संग्रहालयात स्थिरावला.

या २५ जणांतल्या एकाला मेलव्हिलने गावाचं नाव दिलं: ‘मझॅगोनिका’. म्हणजे माझगावचा.

विसाव्या शतकात मुंबईकडे आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे प्राणिशास्त्र शिकवणारे वर्ग. १९२० मध्ये सुरू झालेल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रा. पी. आर. आवटी आणि त्यांचे सहकारी राय यांनी किनाऱ्यावरच्या खडकांना चिकटलेल्या कालवाचा अंतर्बाह्य अभ्यास केला. तो १९३१ मध्ये ‘इंडियन झूलॉजिकल मेमॉयर्स’ या मालेत पुस्तकरूपाने आला. मालेची कल्पना लखनौच्या कर्म नारायण बहल यांची: हिंदुस्थानातल्या विद्यार्थ्याने युरोपातला बेडूक आणि युरोपातला शिंपला का घोकावा? इथलाच प्राणी घ्यावा. आवटी-राय यांनी कालवाचं नाव लिहिलं ‘ऑस्ट्रिया कुकुलाटा’. हे नाव १७७८ चं. ज्या शिंपल्यावरून ते दिलं गेलं, तो अटलांटिक महासागरातल्या असेन्शन बेटाचा. त्या एका नावाखाली जगभरचे निरनिराळे वंश कोंबले गेलेत, हे हल्ली डीएनए तपासताना उघड झालं आहे. कालवाची रचना नेमकी टिपलेली आहे, नाव तेवढं उसनं.

त्याच मालेतला १९२८ चा ग्रंथ थिलयंपलम यांचा, ‘स्कोलिओडॉन’ म्हणजे मुशीवरचा. विल्सन, रुईया, झेवियर्स, जिथे जिथे प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा होती तिथे मुशीचा वास भिंतींत मुरला. चाळीसच्या दशकात मुंबई सरकारच्या मत्स्यखात्यातले डॉ. एस. बी. सेटना आणि पी. एन. सारंगधर यांनी मुंबईच्या पाण्यातल्या मुशी-पाकटांची नोंद केली आणि पोटातल्या पिल्लांची वाढ टप्प्याटप्प्याने पाहून लिहिली. त्यांच्या निबंधात आणि मुलांच्या वह्यांत मुशीचं नाव होतं ‘स्कोलिओडॉन सोराकोवा’. १९६४ मध्ये व्हिक्टर स्प्रिंगर यांनी हा सगळा गट नव्याने तपासला आणि ते नाव मागे पडलं. आज ती ‘स्कोलिओडॉन लॅटिकॉडस’ आहे. ज्यांनी आधीच बी.एस्सी. केलं त्यांनी चिरली मुशीच, पण वहीत लिहिलं ते नाव पुसलं गेलं.

आणि मग चर्नी रोड.

१९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर, स्टेशनच्या समोर, राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचं उद्घाटन झालं. आठेक लाख रुपये खर्च आला, त्यांतले दोन लाख देणाऱ्या पारशी देणगीदाराचं नाव विकाजी तारापोरवाला. रविवारी गिरगावातली कुटुंबं काचेमागचे मासे बघायला यायची आणि चौपाटीवर भेळ खाऊन घरी जायची. पण त्याच वास्तूत सागरी जीवशास्त्राचं केंद्रही होतं, हे तिकीट काढून आत शिरणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. बोमन फ्रामजी छापगर हा तरुण पारशी जीवशास्त्रज्ञ तिथे खेकड्यांच्या मागे लागला.

खेकडे निवडण्यात शहाणपण होतं. मासे बऱ्यापैकी वर्णून झाले होते. खेकड्यांतले खाण्याजोगे चार-पाच सोडले तर बाकीच्यांकडे कुणी वळलं नव्हतं. मच्छीमार त्यांना जाळ्यातली कटकट समजून फेकून देत. संशोधकाला नेमका हाच कचरा हवा असतो. डोलीत, रापणीत, खडकांच्या कपारीत, दुसऱ्या प्राण्यांच्या अंगावर, जिथे म्हणून खेकडा लपतो तिथून गोळा केलेल्या नमुन्यांवर छापगर यांनी तेव्हाच्या मुंबई राज्याच्या खेकड्यांचा दीर्घ निबंध लिहिला. तो १९५७ मध्ये नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलच्या ५४ व्या खंडात दोन हप्त्यांत आला. पुढे मत्स्यालयाच्या केंद्राने तो ८९ पानी पुस्तक म्हणून काढला आणि त्यावर छापलं: ‘योगदान क्रमांक १’.

त्यात एका वाटाण्याएवढ्या खेकड्याचं वर्णन होतं, ‘पिनोथेरिस विकाजिआय’. नवी प्रजाती.

वाटाणा-खेकडे हा विलक्षण गट आहे. मादी शिंपल्याच्या आत, त्याच्या मऊ मांसाच्या घड्यांत आयुष्य काढते. शिंपला पाणी गाळून जे खातो, त्यातलं ती परस्पर उचलते. सुरक्षित घरात राहिल्यामुळे तिचं कवच पातळ, अंग जवळजवळ पारदर्शक. नर तिच्याहून बराच लहान, अंगाने टणक, आणि शिंपले धुंडाळत हिंडणारा. दोघं इतकी वेगळी दिसतात की नर-मादीला दोन निराळ्या प्रजाती समजण्याची चूक सहज होते, आणि झालेलीही आहे. तिसऱ्या उकडून शिंपली उघडताना मधूनच एखादा पिवळट, मऊ खेकडा निघतो, तो या जातकुळीचा. बायका तो काढून टाकतात किंवा पोरं कुडुमकुडुम खातात.

आता हा वाटाणा नवा आहे हे ठरवायचं कसं? रंगावर भरवसा नाही, तो दारूत उडतो. आकारही फसवा, कारण शिंपल्याच्या मापाने अंग बेतलं जातं. मग सूक्ष्मदर्शकाखाली तोंडापाशी जावं लागतं. खेकड्याच्या तोंडावर झडपांसारखे अवयवांचे थर असतात. त्यांतल्या सर्वांत बाहेरच्या जोडीतला शेवटचा सांधा किती लांब आहे, आधीच्या सांध्याला कुठे जोडलेला आहे, यावरून वाटाणा-खेकडे ओळखले जातात. मग पायांच्या नख्यांची लांबी, डाव्या-उजव्या पायांतला फरक, नांगीवरचे केस. हे सगळं आरशाच्या उपकरणातून कागदावर उतरवून शाईने रेखाटायचं. त्यानंतर कंटाळवाणा आणि खरा कस लागणारा भाग: आधी वर्णन झालेल्या प्रत्येक जवळच्या प्रजातीचा मूळ निबंध मिळवायचा. तो जर्मन असो, डच असो, शंभर वर्षं जुना असो. प्राण्यांच्या नावांचा कायदा लिनियसच्या ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीपासून लागू होतो आणि ज्याने आधी छापलं त्याचं नाव टिकतं. कुठल्या तरी विस्मृत नियतकालिकात आधीच कुणी लिहिलेलं निघालं, तर सगळी मेहनत पाण्यात. शेवटी एक नमुना वेगळा काढून, चिठ्ठी लावून, संग्रहात कायमचा ठेवायचा. त्याला होलोटाइप म्हणतात. नावाबद्दल पुढे कधी वाद झाला तर साक्ष त्याचीच.

फोर्सकालपासून मेलव्हिलपर्यंत हे तुलनेचं आणि छपाईचं काम मुंबईबाहेर होत आलं होतं. १९५७ मध्ये मात्र खेकडा किनाऱ्यावरचा, टेबल चर्नी रोडला, लिहिणारा मुंबईचा आणि छापणारी सोसायटीही मुंबईचीच. छापगर यांनी पुढेही दीर्घकाळ समुद्रावर लिहिलं, सर्वसामान्य वाचकांसाठी पुस्तकं केली. तरी मुंबईच्या सागरी जीवनाच्या इतिहासात ‘योगदान क्रमांक १’ हे शब्द वाचताना थोडं थांबावंसं वाटतं.

नावांची उलथापालथ मात्र थांबलेली नाही. १९९८ मध्ये कीनन, डेव्ही आणि मान यांनी दाखवून दिलं की ‘सायला सेराटा’ या एका नावाखाली चार प्रजाती नांदत होत्या. दादरच्या टोपलीत चिंबोऱ्या म्हणून येतात त्यांतली एखादी फोर्सकालची असेल, एखादी नसेल. पापलेटची गत आणखी मजेशीर. ‘पॅम्पस अर्जेंटियस’ हे त्याचं नाव १७८८ चं, चीनकडच्या माशावरून पडलेलं. गेल्या दहा वर्षांत भारतीय संशोधकांनी शरीराची मापं आणि डीएनए दोन्ही तपासून आपल्याकडचा रुपेरी पापलेट वेगळा ठरवला आणि क्युव्हिएने १८२९ मध्ये दिलेलं ‘कँडिडस’ हे नाव अडगळीतून बाहेर काढलं. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. तोपर्यंत त्याच्या शास्त्रीय नावाची फेरदुरुस्ती होऊन फार वर्षं झाली नव्हती.

२०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटातले लोक अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला गिरगाव चौपाटी, हाजी अली, जुहू अशा ठिकाणी लोकांना घेऊन जातात. प्रदीप पाताडे हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. सांडपाण्याचा वास येतो त्याच खडकांत समुद्रफुलं, अष्टपाद, शिंगं फुटलेल्या रंगीत गोगलगायी निघतात. फोटो निघतो आणि त्याच संध्याकाळी ‘आयनॅचरलिस्ट’वर चढतो. ऑस्ट्रेलियातला कुणी तज्ज्ञ रात्री त्यावर मत देतो. मेलव्हिलला पार्सल पोचायला आठवडे लागत.

फोटोने नव्या प्रजातीची शंका येते. पुढची वाट मात्र जुनीच. २०२० मध्ये पश्चिम भारतातल्या ‘क्रॅटेना’ गटातल्या दोन नव्या समुद्री गोगलगायींची वर्णनं प्रसिद्ध झाली. वर्णनकर्त्यांत नॅचरल हिस्टरी सोसायटीचे दीपक आपटे होते. गोगलगायीच्या जिभेवरचे दात सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे लागले, डीएनए ताडावा लागला, नमुना जपावा लागला. काही इंचांच्या आत मावणारा प्राणी आणि त्यामागे काही वर्षांचं काम, हे प्रमाण फोर्सकालच्या वेळी होतं तेच.

माझगावच्या त्या शंखाला आता ‘गिबेरुला मझॅगोनिका’ म्हणतात. लांबी काही मिलिमीटर, गुळगुळीत, नखावर ठेवला तर घरंगळून पडेल असा. ज्या माझगावावरून त्याला हे नाव मिळालं, तिथला किनारा भराव, गोद्या आणि जहाजबांधणीने कधीच गिळला. शंख मात्र अरबी समुद्राच्या पलीकडेही राहतो. आखाती देशांच्या शंख-शिंपल्यांच्या यादीत तो नेमाने भेटतो, आणि ओमानच्या वाळूत बसून चाळण मारणारा कुणी हौशी गृहस्थ वहीत त्याचं नाव उतरवतो, तेव्हा तो मुंबईच्या एका जुन्या गावठाणाचं नाव लिहीत असतो.